एरंडाच्या पाच बिया

आमच्या मळ्याच्या बांधावर एरंड होता. मुद्दाम लावलेला की आपोआप उगवलेला, हे मी कधी विचारलं नाही. बांधावरच्या झाडाची चौकशी कोण करतं! झेंडूला वारा लागू नये म्हणून असेल, असं मी आपलं धरून चालले होते. मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, कडेला मेथी-कोथिंबीर. वडील लवकर गेले, तेव्हापासून मळा आईच्या ताब्यात होता, आणि आईच्या ताब्यातलं पानही तिला विचारल्याशिवाय हलत नसे. दादा ओझरच्या कारखान्यात फिटर होता. मी पुण्याला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते. घरात एवढी शिकलेली मी एकटीच, म्हणजे घरच्यांच्या मते कामातून गेलेली.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी आले होते आणि सुट्टी संपली की परीक्षा होती. पेशीत प्रथिनं कशी तयार होतात आणि कोणकोणती रसायनं ते काम बंद पाडतात, याचा एक तक्ता मला पाठ करायचा होता. स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सायक्लोहेक्झिमाइड. मी चुलीपाशी बसून मोठ्याने घोकायची आणि वहिनी भाकरी थापता थापता हसायची. "वन्सं, ही औषधं हायेत का राक्षस?" म्हणायची. तक्त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत रायसिन होतं. ते इंग्रजीत घोकल्यामुळे ते कशातून येतं हे तिला कळलं नाही, आणि तिला सांगावं असं काही त्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

वहिनी दिंडोरीकडची. मला वन्सं म्हणायची, आईला आत्याबाई. हाडापेराने काटक, कामाला वाघीण, आणि बोलण्यात अशी गोड की तिच्यावर चिडणं मलाही जमत नसे, आणि माझं तर नाकावरच्या रागावाचून पान हलत नाही. तिला दोन मुली होत्या. धाकटीच्या वेळी इतका रक्तस्राव झाला की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला बाजूला घेऊन बजावलं होतं, तिसरं मूल नको, जिवावर बेतेल. दादाने मान हलवली आणि विषय तिथेच पुरला. ऑपरेशन हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. माणसं धरून नेऊन नसबंदी केल्याच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. पुरुषांच्या अंगावर काटा यायचा आणि बायकांच्या ऑपरेशनलाही ते त्याच खात्यात टाकून मोकळे व्हायचे. आई तर उठता बसता नातवाचं तुणतुणं वाजवायची. "वंशाला दिवा नको का?" हे वाक्य आमच्या घरी भाजीत मीठ असावं तसं रोजचं होतं. मला त्याचा भयंकर संताप यायचा. वहिनी मात्र खाली मान घालून "हो आत्याबाई" म्हणायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवाल्यांच्या घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटेपासून आम्ही तोडणीला लागलो होतो. दुपारी टेम्पो येऊन उभा राहिला आणि पोती भरणं सुरू झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहिनी बराच वेळ दिसलेली नाही. गोठ्यामागे सापडली. भिंतीला धरून ओकत होती. डोळे आत गेले होते आणि ओठ पांढरे पडले होते.

मी आईला हाक मारली. आई आली, तिने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते हसू होतं. "देव पावला," म्हणाली. "कधीपास्नं गं पोरी? सांगायचं नाय का?"

वहिनीने काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा ओकली. आईने तिला ओसरीवर नेऊन निजवलं, उशाला गोधडी दिली, धाकटीला तिच्या पोटावर बसू नको म्हणून दटावलं. आयुष्यात पहिल्यांदा आई सुनेचे पाय चेपताना मी पाहिली. पण उलटी थांबेना. मग जुलाब सुरू झाले. पोटात कळ आली की वहिनी गुडघे छातीशी घ्यायची आणि पदराचा बोळा दातात धरायची. आई म्हणाली, पोटात काहीतरी अडकलंय, साफ झालं की बरं वाटेल, चमचाभराने गर्भाला काही होत नाही. आमच्या घरचं सर्व रोगांवरचं औषध एकच. ती कपाटातून एरंडेलाची बाटली घेऊन आली.

बाटली पाहताच वहिनीने आईचा हात धरला. असा धरला की चमचा खाली पडला. "नको आत्याबाई. एरंड नको," म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्संना बसू द्या माझ्यापाशी. तुम्ही फुलांचं बघा."

आई टेम्पोकडे गेली. वहिनीने मला जवळ वाकायला लावलं.

"वन्सं, एरंडाचं बी फोडून खाल्लं तर काय होतं?"

"कुणी खाल्लं?"

"आधी आन घ्या. माझ्या पोरींची आन. ह्यांना नाय सांगायचं, आत्याबाईंना तर जीव गेला तरी नाय."

मी आन घेतली. त्या क्षणी मी कशाचीही घेतली असती.

मग तिने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. तिच्या माहेरी बायकांत एक रीत होती. पाळीच्या चौथ्या दिवशी न्हाऊन, गुळाच्या गोळीत घालून एरंडाचं एक बी गिळायचं. एक बी, एक वरीस. वर्षभर दिवस जात नाहीत. मागच्या साली तिने एक गिळलं होतं आणि खरंच दिवस गेले नव्हते. "पण वन्सं, ते बी तसंच्या तसं पडलं. परसाकडं उगवून आलं. मी पाह्यलं ना. म्हटलं, सालीसकट गेलं तर लागू कसं पडंल? यंदा नशिबानं निभावलं, पुढं काय? म्हणून फोडली."

"किती?"

"पाच. पाच वर्सं तरी घोर नको."

"पाचही खाल्लीस?"

"सकाळी दोन चावून खाल्ली. तिसऱ्याला घसा जळाया लागला. बाकीची गुळातच हायेत, गोठ्यातल्या कोनाड्यात."

मी आधी गोठ्यात धावले, कारण धाकटीला गुळाचा वास कुठूनही येत असे. गोळ्या जागेवर होत्या. कागदात गुंडाळून मी ओच्यात खोचल्या आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

माळ्याच्या घरातल्या बाईने जसा विचार करायला हवा तसाच तिने केला होता. आम्ही कारल्याचं बी टरफल हलकं चिरून लावायचो, धणे रगडून पेरायचो. न फुटलेलं बी काही कामाचं नाही, हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. पण एरंडाच्या बीचं टरफल हीच माणसाची राखण असते. आख्खं गिळलं तर ते पोटातून निमूटपणे निघून जातं. फुटलं की आतलं विष मोकळं होतं. त्या विषाचंच नाव रायसिन, माझ्या तक्त्यातली शेवटची ओळ.

प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवण्याचे बारीक बारीक असंख्य कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लिन ही औषधं जंतूंचे कारखाने बंद पाडतात. आपल्या कारखान्यांची घडण वेगळी, म्हणून आपण वाचतो आणि जंतू मरतात. रायसिन उलटं आहे. ते आपल्याच पेशीत शिरतं आणि एकामागून एक कारखाना बंद पाडत जातं. कच्चा माल असतो, हुकूमही सुटलेला असतो, पण माल तयार होत नाही. पेशी लगेच मरत नाही. काही तास सगळं ठीक दिसतं. सकाळी खाल्लेल्या बिया वहिनीला दुपारपर्यंत फुलं तोडू देत होत्या, त्या यामुळे. वर्गात सरांनी हे सगळं सांगून शेवटी म्हटलं होतं, यावर उतारा नाही, आणि घंटा झाली म्हणून आम्ही वह्या मिटल्या होत्या.

उतारा नाही. मी ते शब्द पाठ केले होते. छान अक्षरात, खाली रेघ मारून.

मी टेम्पोपाशी गेले आणि आईला म्हटलं, वहिनीला आत्ताच्या आत्ता शहरात न्यायचं.

"दिवस गेलेल्या बाईला ओकाऱ्या होत्यातच. मला काय झाल्या नव्हत्या?" आई म्हणाली. "उद्या दसरा हाय. फुलं आज नाय पोचली तर परवा गुरं खातील."

"खाऊ देत."

"काय झालंय तुला? पुण्याचं वारं लागलं का?"

पुढे मी काय बोलले ते आठवत नाही, पण टेम्पोत चढून पोती खाली ढकलायला लागले हे आठवतं. एक पोतं फुटलं आणि झेंडू चाकाखाली पसरला. टेम्पोवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. आई मला मारायलाच आली होती. तेवढ्यात कारखान्याच्या बसमधून उतरून दादा फाटकातून आत आला. त्याने आधी फुलं पाहिली, मग मला, आणि मग ओसरीवर वहिनीला. तिला उचलून आणलं आणि टेम्पोत ठेवलं. आई पुटपुटत का होईना, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पंचवटीत आमचे नेहमीचे डॉक्टर होते. दवाखाना गच्च भरला होता. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं. "दिवस गेल्यात," आईने आधीच जाहीर केलं. डॉक्टर म्हणाले, "ते नंतर बघू. हा गॅस्ट्रो आहे, साथच चालू आहे. कॅप्सूल लिहून देतो, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. घरी न्या."

चिठ्ठीवर त्यांनी टेट्रासायक्लिन लिहिलं. माझ्या तक्त्यातलं वरच्या ओळीतलं औषध, शेवटच्या ओळीतल्या विषावर. मला हसू फुटेल की रडू, कळेना. वहिनी बाकावर आडवी होती. तिने माझा हात धरला होता आणि तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. ती माझ्याकडेच बघत होती, आन विसरू नको म्हणून. घरी नेलं तर ती मरणार होती. सांगितलं तर तिचं घर जाणार होतं.

मला एकच वाट सुचली. मी इंग्रजीत बोलले. डॉक्टर, हिने कॅस्टरच्या दोन बिया चावून खाल्ल्या आहेत, रायसिन, प्रोटीन सिंथेसिस बंद पडेल, हिला भरती करून सलाईन लावायला हवं. एका दमात, परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पेन खाली ठेवलं.

पण कारखान्यात कॅस्टर ऑइलचे डबे हाताळणाऱ्या माणसाला कॅस्टर हा शब्द कळायला एम.एस्सी. लागत नाही.

"कॅस्टर म्हंजे एरंड," दादा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "हिनं एरंड खाल्ला? विष खाल्लं?" तो वहिनीपुढे खाली बसला. "काय कमी केलं गं मी तुला? सांग ना. कधी हात उगारला का?"

वहिनीने डोळे मिटून घेतले. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "असं असेल तर पोलिसांना कळवावं लागेल. आत्महत्येचा प्रयत्न आहे हा."

बाकावरचे सगळे पेशंट आमच्याकडे बघत होते. माझा हात वहिनीच्या हातात होता आणि तो तिने अजून घट्ट केला. तिला विष खाल्ल्याचा आळ चालणार होता, खरं चालणार नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिची नाही, आमच्या सगळ्यांची. जी बाई जगायची खटपट करते तिला मरायला निघालेली दिसणं जास्त सोयीचं वाटावं, असं आम्ही तिला काय करून ठेवलं होतं?

"मरायला नाही खाल्लं," मी मोठ्याने म्हटलं, मराठीत. "मूल राहू नये म्हणून खाल्लं. तिसऱ्या बाळंतपणात मरायचं नव्हतं तिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दादा, तुला सांगितलं होतं. एका बीला एक वर्ष म्हणतात. हिने फोडून खाल्लं."

आईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तिचा आवाज आला तेव्हा मी अंग चोरून घेतलं.

"फोडलंस कशाला गं बये?" आई म्हणाली. "आख्खं गिळायचं असतं."

वहिनीने डोळे उघडले. दादा आईकडे आ वासून बघत राहिला. आईने कुणाकडेही पाहिलं नाही. पदर खोचला आणि डॉक्टरांवरच डाफरली, "बसलाय काय बघत? चिठ्ठी द्या मोठ्या दवाखान्याची."

पोलिसांचं नाव मग निघालं नाही. सरकारी दवाखान्यात वहिनीला दोन्ही हातांना सलाईन लावलं. तिथल्या तरुण डॉक्टरने मला सरळ सांगितलं की औषध काही नाही, अंगातलं पाणी टिकवायचं आणि वाट बघायची. पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे. रक्तदाब खाली जायचा, नर्स धावत यायची, मग तो जरासा वर यायचा. जुलाबातून रक्त गेलं. दादा बाटलीतल्या थेंबांवर नजर लावून स्टुलावर बसलेला असायचा. दसरा केव्हा झाला कळलं नाही. कुणीतरी आपट्याचं पान वहिनीच्या उशाशी ठेवून गेलं होतं, तेवढंच.

मी तिच्याकडे बघत बसायची आणि मनात तक्ता सुरू व्हायचा. आत किती कारखाने बंद पडलेत, किती चालू आहेत, किती नवे उभे राहतायत. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मला पुस्तकाचा राग आला, सरांचा आला, ती घंटा वाजवणाऱ्या शिपायाचासुद्धा आला. माणूस मरताना पेशीत काय होतं एवढंच मला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

आई खाटेखाली चादर पसरून बसलेली असे. एका दुपारी न राहवून मी तिला विचारलं, "तू स्वतः गिळायचीस?"

"तुझ्या येळेला मी मरता मरता वाचले. मग दर साली गिळलं. तुझे बाबा होते तवर."

"मग हिच्यामागे नातू नातू करून का लागली होतीस?"

"मागायचं असतं ते," आई म्हणाली. "माझ्या सासूनं मागितलं. सासूनं नाय मागायचं तर कुणी मागायचं?" थोड्या वेळाने म्हणाली, "बांधावरचा एरंड म्हणूनच ठेवला ना मी. मला वाटलं, हिला कळंल. बाईला सांगावं लागत नाय."

मी तिला फाडून खाणार होते. पण ती हातांकडे बघत होती. झेंडूचा पिवळा डाग तिच्या नखांत तसाच होता, कारण घर सोडल्यापासून तिने हात नीट धुतले नव्हते.

पुढे रक्तदाब स्थिर झाला. एका सकाळी वहिनीने डोळे उघडले आणि मिठाची पेज मागितली. दादा उठून बाहेर गेला. व्हरांड्यातल्या खांबाला डोकं टेकून तो रडत होता, आणि येणारे-जाणारे त्याला कुणीतरी गेलं असं समजून सांत्वन करत होते. आईने पेज आणली. चमचा चमचा पाजताना ती मला म्हणाली, "तुझ्या पुस्तकात आख्ख्या बीचं काय लिवलंय?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"आख्खं बी काही करत नाही, आई. जसं जातं तसं बाहेर पडतं."

"मूल राहू नये म्हणून...?"

"काहीच नाही."

चमचा वाटीत थांबला. दर वर्षी न्हाऊन, गुळात घालून, कुणाला दिसणार नाही असं गिळलेलं एकेक बी तिला आठवत असावं, आणि ज्या भरवशावर ती निर्धास्त झोपली त्या सगळ्या रात्री.

"म्हंजी मला राहू शकलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"हिला बी राहील. कवाबी."

"हो आई."

तिने उरलेली पेज वहिनीला पाजली, पदराने तिचं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "ते टाक्याचं आप्रेशन हितंच करत्यात का? हिच्या अंगात ताकद आली की करून टाकू."

वहिनी घाबरून उठायला गेली. "आत्याबाई, ह्यांना विचारल्याबिगर..."

"त्याला काय विचारायचं?" आई उठली, वाटी उचलली. "बी गिळताना मी कुणाला विचारलं होतं?"

आणि ती वाटी विसळायला नळावर गेली.